नगरसेवकांचा निधी, महापौरांचं कार्यालय: खर्चावर नजर कशी ठेवायची?

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या काही सोसायट्यांनी मिळून एक गट केला आहे. त्यांनी विचारलं आहे की नगरसेवकाच्या कार्यालयाला महापालिका किती पैसे देते, महापौर आणि इतर पदाधिकाऱ्यांच्या दालनांचा, गाड्यांचा, चहापाण्याचा खर्च कोण तपासतं, आणि "नगरसेवक निधी" कुठे गेला हे साध्या नागरिकाला पाहता येतं का. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदाही त्यांनी पाठवला आहे: "सर्व पदाधिकारी व नगरसेवक यांच्या कार्यालयीन खर्चाची संपूर्ण माहिती मिळावी."

हा अर्ज कृपा करून असा पाठवू नका. स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी सगळी नोकरी गेली. अशा अर्जाला "माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही" असं उत्तर येतं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा खरंही असतं. नगरसेवकाच्या कार्यालयाचा खर्च म्हणून एखादी वही महापालिकेत कुठेच ठेवलेली नसते. तो खर्च पाच-सहा खात्यांच्या फायलींमध्ये विखुरलेला असतो. तुम्हाला त्या फायली मागायच्या आहेत.

आधी कायदा थोडक्यात. पुणे महापालिका चालते ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे. या कायद्यात पैसा नगरसेवकाच्या हातात कुठेही दिलेला नाही. महापौरांच्या हातातही नाही. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आहेत, मंजुरीचे अधिकार स्थायी समिती (१६ नगरसेवकांची) आणि मुख्य सभेकडे (सगळ्या नगरसेवकांची) आहेत. अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर महापालिका निधीतून पैसे देता येत नाहीत, हा या सगळ्याचा पाया. त्यामुळे "माझ्या निधीतून" असं कोणी म्हणालं, फलकावर "संकल्पना" लिहून खाली नाव घातलं, तरी पैसा महापालिकेचा असतो, काम खात्याचं असतं आणि बिलावर सही अधिकाऱ्याची असते. नगरसेवकाने काम सुचवलेलं असतं, एवढंच. आमदारांच्या स्थानिक विकास निधीला शासनाच्या स्वतंत्र योजनेचा आधार आहे. पुण्यातल्या "स" यादीतली (म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली) कामं किंवा प्रभागस्तरीय निधी ही मात्र अंदाजपत्रक करताना पाडलेली पद्धत आहे. तुम्हाला ही गोष्ट सोयीची आहे. नगरसेवक व्यक्ती म्हणून तुम्हाला कागद दाखवायला बांधील नाहीत, पण ज्या खात्याने काम केलं ते खातं बांधील आहे.

आता नगरसेवकाचं कार्यालय. महापालिका नगरसेवकाला मानधन देते. २०१७ मध्ये शासनाने ते वाढवलं तेव्हा पुण्यासाठी दरमहा २० हजार रुपये ठरलं होतं. सभेचा भत्ता वेगळा. प्रभागात संपर्क कार्यालय चालवायला मात्र महापालिकेच्या अंदाजपत्रकातून भाडं, पगार, वीजबिल मिळत नाही. नगरसेवक ते स्वतःच्या पैशाने चालवतात. त्यामुळे संपर्क कार्यालय खाजगी गाळ्यात असेल तर तिथे तुमची तपासणी संपली. ते कार्यालय विरंगुळा केंद्राच्या, अभ्यासिकेच्या, समाज मंदिराच्या किंवा आरोग्य कोठीच्या (सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या ठिकाणाच्या) जागेत भरत असेल तर मात्र प्रश्न सुरू होतो. ती जागा महापालिकेची मिळकत आहे. कायद्याचं कलम ७९ मिळकत कशी आणि कोणत्या दराने द्यायची ते सांगतं, आणि पालिकेची मिळकत वाटपाची नियमावलीही आहे. अशा जागेबद्दल तीनच कागद मागायचे: ती कोणाच्या ताब्यात आहे याचा करारनामा किंवा ताबा पावती, भाडं किंवा शुल्क भरल्याचा तपशील, आणि तिथलं वीजबिल कोणत्या अर्थशीर्षकातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदरातून, भरलं जातं. तिसरा कागद लोक मागत नाहीत आणि सर्वांत बोलका तोच निघतो. करारनामा एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या नावावर असतो आणि बिल खातं भरत असतं, असं मी एकापेक्षा जास्त शहरांत पाहिलं आहे. संघातल्या आजी-आजोबांना मात्र संध्याकाळी खोली मिळत नव्हती. मला हा प्रकार रुपयांच्या गैरवापराहून वाईट वाटतो, म्हणून आधी लिहिला.

पदाधिकाऱ्यांचं, म्हणजे महापौर, उपमहापौर, स्थायी समिती अध्यक्ष, सभागृह नेता, विरोधी पक्षनेता यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना महापालिका भवनात दालन असतं, कर्मचारी असतात, गाडी असते. महापौरांना घोले रस्त्यावरचा बंगला आहे. हा सगळा खर्च पालिकेचा, आणि तो योग्यही आहे. तीसेक लाखांहून मोठ्या शहराच्या महापौरांना पाहुणे येणार, त्यांना चहा पाजावा लागणार. पण "महापौर कार्यालय" या एका ओळीखाली तो सापडत नाही. कर्मचाऱ्यांचे पगार आस्थापनेवर पडतात. बैठका आणि आतिथ्याचा खर्च बराचसा नगरसचिव विभागाकडे असतो. दालनाचं फर्निचर, फरशी, छत भवन रचना विभागाकडे. दिवे, एसी विद्युत विभागाकडे. खुर्च्या, स्टेशनरी, संगणक मध्यवर्ती भांडाराकडे किंवा संगणक विभागाकडे. गाडी आणि इंधन मोटार वाहन विभागाकडे. यातल्या प्रत्येक खात्याचा जन माहिती अधिकारी वेगळा असतो.

म्हणून एका मोठ्या अर्जाऐवजी छोटे-छोटे अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, तेव्हा ते आपसूक जमतं. फी १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण त्यात वेळ जातो, खातं आधीच बरोबर निवडलेलं बरं.

भवन रचना विभागासाठी मसुदा असा चालेल: "दि. १ एप्रिल … ते ३१ मार्च … या काळात महापालिका मुख्य भवनातील पदाधिकाऱ्यांच्या दालनांत केलेल्या स्थापत्य व फर्निचरच्या प्रत्येक कामाचे पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने आणि अंतिम देयक यांच्या प्रती द्याव्यात. तसेच खर्च कोणत्या अर्थशीर्षकावर टाकला ते कळवावे." यात "का" हा शब्द नाही, "किती योग्य" नाही, मत विचारलेलं नाही. कागदाचं नाव घेऊन कागद मागितला आहे. (पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाच्या खर्चाचा आधी काढलेला अंदाज, मोजमाप पुस्तक म्हणजे झालेल्या कामाची अभियंत्याने लिहिलेली मोजणी.) अशा अर्जाला नाही म्हणायला अधिकाऱ्याकडे जागा राहत नाही, आणि चांगल्या अधिकाऱ्याला असा अर्ज आवडतोही, कारण त्याला शोधाशोध करावी लागत नाही.

त्याहून सोपा मार्गही आहे आणि पुणेकरांनी तो जितका वापरायला हवा तितका वापरलेला नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकेच्या कार्यालयात जाऊन फायली स्वतः पाहण्याची पद्धत आहे; जाण्याआधी ती सध्या चालू आहे ना, हे विचारून घ्या. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. २०१८ मध्ये राज्य शासनाने शासन निर्णय काढून ती जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांना लागू केली. अर्ज करून प्रती मागवण्याआधी फाईल एकदा डोळ्यांखालून घातली की नेमकी कोणती पानं हवीत ते कळतं. दोघांनी जा. एकाने पाहावं, दुसऱ्याने लिहून घ्यावं.

फाईल हातात आल्यावर पाहायचं काय, हे एका उदाहरणाने सांगतो.

बाकडी बसवण्याचं काम घ्या. पुण्यात बाकडी, कचऱ्याच्या बादल्या, कापडी पिशव्या या खर्चावर बरंच बोललं गेलं आहे. फायलीत साधारण या क्रमाने कागद लागतात: नगरसेवकाचं पत्र, कनिष्ठ अभियंत्याची जागा पाहणी, पूर्वगणनपत्रक, तरतूद शिल्लक असल्याचा दाखला, मान्यता, निविदा किंवा कोटेशन, कार्यादेश, मोजमाप पुस्तक, फोटो, देयक. बहुतेक लोक थेट शेवटचं पान उघडून रक्कम पाहतात. तुम्ही सुरुवात कामाच्या नावापासून करा. "प्रभाग क्र. अमुक मध्ये विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार बाकडी बसविणे" असं नाव असेल तर तिथेच थांबा. "विविध ठिकाणी" लिहिलेलं काम तपासता येत नाही, कारण कुठे जाऊन मोजायचं तेच कळत नाही. मग मोजमाप पुस्तकात तरी ठिकाणं लिहिली आहेत का ते बघा. अमुक बागेच्या फाटकाजवळ ४, तमुक बसथांब्यावर २, अशी नोंद असेल तर अभियंत्याने काम मनापासून केलं आहे. नुसतं "४० नग" असेल तर तुम्हाला प्रश्न मिळाला.

नंतर फोटो. एका शहरात मी दोन वेगळ्या कामांच्या फायली शेजारी ठेवून बघत होतो. दोन्हींत बाकाच्या मागे एकच गुलमोहर होता, त्याच्या बुंध्याला तोच चुन्याचा पट्टा आणि त्याच जागी अडकवलेली तुटकी पाटी. फाईल वेगळी, ठेकेदार वेगळा, नगरसेवक वेगळा, बाक एकच. एकेक फाईल सुटी बघणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसलं नसतं. आम्ही आक्षेप घेतला, वसुली निघाली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो आहे की फाईल एकटी वाचायची नाही.

पुण्यात याला फार महत्त्व आहे, कारण प्रभाग चार सदस्यांचा आहे (एकच प्रभाग पाच सदस्यांचा). ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक, म्हणजे एकच गल्ली चार जणांच्या यादीत येऊ शकते. त्यातच आमदारांचा वर्षाला ५ कोटींचा निधी, खासदारांचा ५ कोटींचा निधी. त्या कामांची मंजुरी जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजनाच्या बाजूने होते, पालिका बहुतेक वेळा ना हरकत देते. तेच पेव्हिंग ब्लॉक, तीच कमान, तेच ओपन जिम तीन वाटांनी मंजूर होण्याची सोय या रचनेतच आहे. कोणाची लबाडी असेलच असं नाही. बऱ्याचदा एका खात्याला दुसऱ्याचा पत्ताच नसतो. म्हणून तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांची सुचवलेली कामं एकत्र मागा, आमदार निधीतल्या कामांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून मागा, आणि एका तक्त्यात नगरसेवकाच्या नावाने न मांडता जागेच्या नावाने मांडा. वडगाव, हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग, असं. एका जागेखाली दोन सारखी कामं दिसली की त्या दोन फायली सोमवारी काढायच्या. हे काम संगणकावर एका रविवारचं आहे, आणि आठ-दहा सोसायट्यांच्या गटाला ते सहज जमण्यासारखं आहे.

गाड्यांचं थोडक्यात. प्रत्येक सरकारी गाडीचं लॉगबुक असतं: तारीख, निघतानाचं मीटर रीडिंग, परत आल्यावरचं, ठिकाण, वापरणाऱ्याची सही, भरलेलं इंधन. आजचं शेवटचं रीडिंग आणि उद्याचं पहिलं जुळतंय का, आणि महिन्याच्या किलोमीटरला इंधनाने भागलं की आकडा दर महिन्याला साधारण सारखा राहतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. ठिकाणाच्या रकान्यात महिनाभर नुसतं "शहर फिरती" लिहिलं असेल तर तसा लेखी प्रश्न विचारा. चालकाला मात्र त्रास देऊ नका, तो सांगितलेलं लिहितो.

आता तपासतं कोण, याबद्दल. कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकाने दर आठवड्याला हिशेब तपासून स्थायी समितीला अहवाल द्यायचा असतो. वर्षअखेरचा अहवालही स्थायी समितीकडेच जातो, आणि नियमबाह्य खर्च किंवा नुकसान आढळलं तर ते त्यात लिहायचं असतं. म्हणजे लेखापरीक्षक आयुक्तांच्या हाताखाली दबू नये अशी रचना कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक ठेवली आहे. पण स्थायी समितीचे १६ सदस्य नगरसेवकच असतात. ज्यांच्या यादीतली कामं तपासायची, त्यांच्याचपुढे आक्षेप ठेवायचे, हा यातला कच्चा दुवा. समिती जागरूक असेल तर अहवालावर चर्चा होते, खात्याकडून अनुपालन, म्हणजे आक्षेपावर काय केलं याचं उत्तर, मागवलं जातं. नसेल तर विषयपत्रिकेवर विषय येतो, "अवलोकन केले" असा शेरा पडतो आणि फाईल कपाटात जाते.

मार्च २०२२ च्या मध्यापासून निवडणूक होईपर्यंत तर समिती नव्हती आणि मुख्य सभाही नव्हती. प्रशासक म्हणून आयुक्तांनीच तिन्ही भूमिका पार पाडल्या. खर्च सुचवणारा, मंजूर करणारा आणि लेखापरीक्षकाचा अहवाल वाचणारा एकच. व्यक्ती कितीही सचोटीची असली तरी ही व्यवस्था चांगली म्हणता येत नाही. २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं, आणि त्यावर सभागृहात प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की तुमच्या चारही नगरसेवकांना एक पत्र द्या: २०२२ पासूनचे मुख्य लेखापरीक्षकांचे वार्षिक अहवाल आणि त्यांवरचं अनुपालन स्थायी समितीसमोर व मुख्य सभेसमोर चर्चेला आणावं. नव्या सभागृहाच्या पहिल्या वर्षात हे झालं नाही तर पुढे होणार नाही, कारण नंतर प्रत्येकाची स्वतःची कामं त्या अहवालांत येऊ लागतात.

अंदाजपत्रकात दोन जागा आहेत जिथे नागरिकांचं लक्ष नसतं. एक वर्गीकरण. मार्चअखेर मुख्य सभा अंदाजपत्रक मंजूर करते, वर्तमानपत्रांत मोठे आकडे येतात आणि लोक समजतात की विषय संपला. त्यानंतर वर्षभर एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवण्याचे प्रस्ताव येत राहतात. ड्रेनेज लाईनचे पैसे सुशोभीकरणाकडे, उद्यानाचे कमानीकडे. हे प्रस्ताव मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर येतात आणि एका बैठकीत ढिगाने मंजूर होतात. कार्यपत्रिका नगरसचिव विभागातून मिळते, मुख्य सभा नागरिकांना प्रेक्षक कक्षात बसून पाहता येते. दिवाळीनंतर मार्चपर्यंत प्रत्येक कार्यपत्रिकेत तुमच्या प्रभागाचा क्रमांक शोधत जा. दुसरी जागा म्हणजे मार्चचा शेवटचा पंधरवडा. तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे न वापरलेली संपते, म्हणून बिलं काढण्याची घाई असते. कार्यादेश १५ मार्चचा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला २८ मार्चचा असेल तर त्या जागेवर स्वतः जाऊन पाहा.

ठेकेदाराचं नाव प्रत्येक वेळी लिहून ठेवा. नगरसेवकाचा महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर कलम १० प्रमाणे तो अपात्र ठरू शकतो. हा आरोप फार गंभीर आहे. कागदाशिवाय तो तोंडून काढू नका, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नकोच. एका अफवेने तुमच्या गटाचं वर्षभराचं काम वाया जाईल, आणि एखाद्या प्रामाणिक माणसाची बदनामी होईल ती वेगळीच.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की नगरसेविकेला आधी सांगायचं की नाही. सांगा. अर्जाची एक प्रत तिच्या कार्यालयात नेऊन द्या आणि काय बघणार आहोत ते तोंडीही सांगा. पहिल्यांदा निवडून आलेल्यांना आपल्याच यादीतल्या कामाची फाईल कुठे अडली, मोजमाप कोणी घेतलं, बिल कधी निघालं हे कित्येकदा कळत नाही. खातं त्यांनाही टोलवतं. तुमचा जागेनुसार केलेला तक्ता तिच्या हातात पडला तर ती मुख्य सभेत लेखी प्रश्न विचारू शकते, आणि त्याचं उत्तर प्रशासनाला द्यावं लागतं. ती रागावली तरी अर्ज मागे घेऊ नका. तुमच्या गटातल्या वकीलबाईंना पहिल्या अपिलाची तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवायला सांगा, आणि पहिल्या सोमवारी भवन रचना किंवा मोटार वाहन विभागाकडे न जाता आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जा. तिथल्या फायली छोट्या असतात, कामं घराजवळची असतात, आणि संध्याकाळी परत येताना बाकडी मोजता येतात.